विझलेल्या ज्वालामुखीवर येसराचा वास

मागच्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं – "मॉरिशसला फॅमिली घेऊन चाललोय, काय बघावं, काय खावं?" आणि खाली लोकांनी धडाधड मला टॅग केलं. करणारच! आमच्या उस्मानपुऱ्यात कुणाला साधं महाबळेश्वरला जायचं असलं तरी आधी माझ्या दारात चप्पल काढतात. नोकरी वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, पण खरा छंद म्हणजे लोकांच्या ट्रिपा आखून देणं. फुकटात. सविता, म्हणजे माझी बायको, म्हणते की एवढं मन लावून मी कधी घरचा गळका नळ दुरुस्त केला नाही. असो.

तर सांगतो. पण मॉरिशस सांगता सांगता मला एक दुसरीच गोष्ट सांगावी लागणार, म्हणून त्या पोस्टखाली न लिहिता इथं लिहितोय. आधीच स्पष्ट करतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. खुलताबादच्या घाटात म्हणे एक बाई हात करते... मी त्या घाटातून एवढ्या वेळा गेलोय, मला हात करणारे फक्त मक्याची कणसं विकणारे दिसले. ह्याच ग्रुपवरच्या कित्येक अनुभवांखाली "झोप कमी पडलेली दिसते" ही कमेंट माझीच आहे. आता माझ्याखाली कुणी टाकली तर राग धरणार नाही. थोडा धरीन.

पहिलं खाण्याचं. हॉटेलातल्या बुफेच्या नादी लागू नका. रस्त्यावर "ढोल पुरी" मिळते, ती खा. नाव पुरी, पण तळलेली नसते – वाटलेली हरभऱ्याची डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी असते. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाका आणि आत रस्सा, चटणी घालून गुंडाळी करा, झाली ढोल पुरी. ती जोडीनंच देतात. मग "गातो पिमा" – हे आपले डाळवडेच, पण लोणी लावलेल्या पावात कोंबून देतात. आधी हसू येतं, मग माणूस दुसरा मागवतो. अननस तिखटमीठ लावून मिळतो. आणि दुधातला सब्जा घातलेला "अलूदा" पोर्ट लुईच्या बाजारात प्या, उन्हात जीव थंड होतो.

बघायला शामारेलची सात रंगांची माती – ऊन असतानाच जा, ढगात सगळे रंग विटकरी दिसतात. गंगा तलाव बघा. ल मॉर्नचा डोंगर लांबून बघा, चढायचा असला तर गुडघ्यांना विचारून चढा. बीचचं मी काही सांगणार नाही, ते सगळेच सांगतात.

सगळं बेट ज्वालामुखीनं घडवलेलं आहे. उसाच्या शेतात काळ्या दगडांचे ढीगच्या ढीग रचलेले. ते बघून सविता म्हणाली, "अहो, आपण दौलताबादच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटतंय." ती उगाच नाही म्हणाली! मी जायच्या आधी वाचलं होतं – जमिनीच्या पोटातल्या ज्या भट्टीनं आपला दख्खनचा काळा दगड ओतला, त्याच भट्टीनं फार पुढं हे बेट वर काढलं, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या दगडात आपलं वेरूळ कोरलंय, त्याचं हे धाकटं भावंड. आमचा तिथला ड्रायव्हर विनोद, त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याला मी ठणकावून सांगितलं, "पहले हमारा पत्थर, फिर तुम्हारा." तो बिचारा "हाँ सर, हाँ सर" म्हणाला.

आता आईबद्दल. ती देवगाव रंगारीची. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – ज्वारी, गहू, डाळी, धने, खोबरं, खडे मसाले, एकेक वेगळं भाजायचं आणि सगळं मिळून दळायचं, ते येसर. पाच सवाशिणी हात लावून मुहूर्त करतात आणि मग एक जाणती बाई तव्यापाशी बसते. आमच्या भागात ती जाणती बाई म्हणजे माझी आई. माझे वडील गेले तेव्हा एका लग्नघरात कुजबुज झाली, आता हिचा हात येसराला कसा लावायचा म्हणून. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं हाय, तुम्हीच करा." केलं त्यांनी. पंगतीत लोकांनी वाट्या बाजूला सारल्या. पुढच्या लग्नापासून आईला न्यायला दारात गाडी यायला लागली. आजही हे सांगताना माझी छाती फुगते, काय करू!

दोन वर्षांपूर्वी आईला ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव परत आली नाही. काहीच नाही... फिनेल नाकाशी धरलं तरी नाही. पहिले काही महिने ती रोज सकाळी मसाल्याचा डबा उघडून हुंगायची. मग तिनं तो डबा उघडणंच सोडलं. देवगावहून गाडी आली तर "माझा हात गेला" म्हणून रिकामी परत पाठवली. आणि जेवण? ज्या बाईला भाकरीवर ठेचा घेऊन जेवताना बघून आमची भूक चाळवायची, ती दोन घास औषधासारखे गिळून उठायला लागली. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वास येईल किंवा येणारही नाही. पण यांच्या पोटात अन्न जाऊ द्या. अशाच उतरत गेल्या तर कठीण आहे."

म्हणून मॉरिशस. लोकांना मी माझी पन्नाशी वगैरे सांगितलं, पण खरं हे होतं – नवा मुलूख, नवं खाणं समोर आलं की आई खाईल. एवढाच हिशेब होता माझा.

तो साफ चुकला. ढोल पुरीचा एक घास घेऊन तिनं उरलेली सविताच्या हातात दिली. "गरम हाय एवढं कळतं," म्हणाली. अलूद्याचा घोट घेऊन म्हणाली, "गार हाय." मी चिडलो. आईवर नाही, आणि कुणावर तेही कळेना, म्हणून विनोदवर चिडलो की गाडी हळू का चालवतोस. रोज हेच चाललेलं. समुद्र निळाशार, आणि मी आईच्या मनगटाकडं बघतोय.

आता ती सकाळ. क्युरपिप नावाच्या उंचावरच्या गावात "त्रू ओ सेर" आहे – विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. भलामोठा वाटोळा खड्डा, आत गच्च झाडी, तळाशी थोडंसं पाणी, आणि काठाकाठानं फिरायला रस्ता. इथं सकाळीच जा, आणि छत्री घ्या, कारण तिथं ढग केव्हा खाली उतरतील नेम नाही. त्या दिवशी उतरलेलेच होते. आई शाल गुंडाळून बाकावर बसली होती. मी सविताला ज्वालामुखी समजावून सांगत होतो, ती ऐकल्यासारखं करत होती.

आई एकदम उभी राहिली.

"दिन्या, कुणीतरी येसर भाजू ऱ्हायलंय."

सविता म्हणाली, "आई... तुम्हाला वास आला?"

"तर! आता दगडफूल पडलं बघ तव्यावर. चांगलं भाजतीय, करपू नाय दिलं."

दगडफूल म्हणजे दगडावर वाढतं ते काळपट, कागदासारखं मसाल्यातलं. कच्चं असताना त्याला फारसा वास नसतो, तापल्यावरच सुटतो. मी छाती भरून श्वास घेतला. ओलं गवत, बाकी काही नाही. सवितानंही घेतला, विनोदनंही घेतला. काही नाही! खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. मला वाटलं, झालं... आता डोक्यावर पण परिणाम झाला.

तोवर आई चालायला लागली होती. दोन दिवस माझा हात धरून जिने उतरणारी बाई उताराच्या रस्त्यानं तरातरा निघाली. "आई, थांब, घसरशील" – कोण ऐकतंय! खाली रस्त्याला फाटा होता. तिथं ती उभी राहिली, मान इकडं वळवली, तिकडं वळवली, आणि म्हणाली, "हिकडून." पुढं घरांची गल्ली लागली. ती एकाही घरापाशी रेंगाळली नाही. एका बुटक्या भिंतीच्या घराचं फाटक तिनं स्वतःच्या घरासारखं ढकललं आणि आत गेली.

आत पत्र्याच्या शेडखाली पांढरी कार उभी होती. आईनं कारच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "ही गाडी काढा म्हणावं. हिच्या खालून येऊ ऱ्हायलाय वास."

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परक्या देशात, परक्याच्या अंगणात! मी इंग्रजीत सॉरी सॉरी म्हणत होतो तेवढ्यात घरातून आईच्याच वयाची एक बाई बाहेर आली. साडी नेसलेली. आमच्याकडं बघितलं, आईच्या नऊवारीकडं बघितलं, आणि थांबत थांबत म्हणाली, "तुमी... मराठी?"

मॉरिशसला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत हे मी वाचलं होतं. पण त्या धुक्यात, त्या गल्लीत तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. बाईंचं नाव पार्वती, घरात पारू मावशी म्हणायचे. पण आईला नाव-गाव कशाशीच घेणं नव्हतं. तिनं थेट विचारलं, "बाई, तुमच्यात येसर कोण भाजतंय?"

मावशींनी दाराची चौकट धरली. "हे नाव... माझी आजी घ्यायची," म्हणाल्या. "आजी गेल्यावर कुनी नाय घेतलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी सलग करून सांगतो. त्यांच्या आजीचे आईवडील आपल्याकडून, निजामाच्या मुलखातून, उसाच्या मळ्यावर कामाला आले होते. घरात लग्न निघालं की आजी अंगणात तीन दगडांची चूल मांडून येसर भाजायची. नेमकी तिथं, जिथं आता कार होती. शेड करताना ते दगड काँक्रीटखाली गेले. आजी गेल्यावर मावशींनी खूपदा करून बघितलं. रंग यायचा, वास यायचा नाही. आणि आता येत्या रविवारी मावशींच्या नातीचं लग्न होतं. त्यांची फार इच्छा होती पानात ती आमटी वाढायची. पण आदल्याच दिवशी पुन्हा एकदा फसली, आणि त्या सकाळी त्यांनी स्वैपाक्याला कळवून टाकलं होतं, राहू दे, साधी डाळ कर.

"मग आत्ता भाजतंय कोण?" आईचं तेच.

कुणीच नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, स्वैपाकघरात जाऊन शेगडीला हात लावला. गार. घरात मसाला उघडलेला नाही, शेजारच्या घराला कुलूप.

आईनं ऐकून घेतलं. मग शाल काढून सविताकडं दिली, पदर खोचला आणि म्हणाली, "लोखंडी तवा हाय का?"

त्या तापानंतर पहिल्यांदा मी तिला पदर खोचताना बघत होतो.

मावशी काय काय घालायच्या ते तिनं विचारून घेतलं. "अन् दगडफूल?" मावशींना कळेना. मी फोनवर फोटो दाखवला तर घरातल्या सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरवयात त्यांच्यातल्या थोरल्यांनी ते आजीच्या हातात बघितलं होतं, नाव कुणाला माहीत नव्हतं. मग काय, मी आणि विनोद निघालो. भारतीय सामानाच्या एकेका दुकानात फोटो दाखवत फिरलो, आणि शेवटी बाजारातल्या एका जुन्या दुकानात मागच्या फळीवर मिळालं. पाकीट छातीशी धरून मी धावत आलो. मला वाटत होतं मी मैदान मारून आलोय. आईनं पाकीट घेतलं आणि म्हणाली, "एवढा येळ?"

मुहूर्ताला पाच सवाशिणी जमवल्या, त्यात सविता एक. गाडी बाहेर काढून त्याच जागी विटांची चूल मांडली. मावशींनी उलथनं आईच्या हातात दिलं. आणि मग माझी आई सुरू झाली. पुण्याच्या पुढं कधी न गेलेली माझी आई समुद्रापलीकडं बसून चारचौघींना हुकूम सोडत होती – "ए पोरी, जाळ कमी कर! धने हलव, तोंडाकडं काय बघतीस!" आणि त्या आपसात क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, बोलून बरोब्बर जाळ कमी करत होत्या. विनोदला पण सोडलं नाही, खोबरं किसायला बसवलं. मी ज्वालामुखी बघितला, सात रंगांची माती बघितली, पण मॉरिशसमध्ये ह्या देखाव्याइतकं बघण्यासारखं काही नव्हतं!

मग दगडफूल तव्यावर पडलं आणि वास सुटला. आता मला आला. सविताला आला. तोच – देवगावच्या मांडवातला. मावशींनी डोळे मिटून घेतले. भिंतीपलीकडून लोक डोकावायला लागले. मी आनंदानं ओरडलो, "आई, हाच ना? हाच येत होता ना तुला?"

आईचा हात थांबला.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेला?"

"वास. इतका येळ येत होता... तुम्हाला आला अन् माझा गेला."

मला वाटलं, आता ही उलथनं ठेवणार, "माझा हात गेला" म्हणणार, आणि आपण होतो तिथंच परत येणार. सवितानं माझा दंड घट्ट धरला. आई तव्याकडं बघत बसली. मग तिनं दगडफुलाचा तुकडा उचलला, बोटात चुरगाळून बघितला आणि म्हणाली, "काढा. झालं हे. ज्वारी आणा." पुढचं सगळं तिनं तसंच केलं. दाणा कानाशी नेऊन, रंग बघून, चिमटीत चुरून.

आमटी झाली. मावशींनी वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि पायरीवर बसल्या. रडायलाच लागल्या. नात घाबरून त्यांच्याजवळ गेली तर तिला वाटी दिली आणि क्रिओलमध्ये काहीतरी म्हणाल्या. विनोदनं मला सांगितलं, "बोल रही है, ये मेरी दादी का है."

आणि आई? ती शेजारी पायरीवर टेकली, ताटात भात घेतला, वर आमटी ओतली आणि जेवायला लागली. पहिला भात संपला. तिनं ताट पुढं केलं, सवितानं वाढलं. तो संपला. परत पुढं केलं.

मी जवळ जाऊन बसलो. "चव लागली आई?"

"नाय."

"मग?"

"भूक लागलीय, दिन्या. लई दिसांनी."

मी उठून त्या पांढऱ्या कारच्या मागं गेलो आणि पोटभर रडलो. लाज कसली!

लग्नाला थांबता आलं नाही, विमान आधीचं होतं. पण येसर भरपूर करून ठेवलं होतं. रविवारी मावशींनी पंगतीचा व्हिडिओ पाठवला, तो आमच्या बिल्डिंगमध्ये न बघितलेला माणूस उरलेला नाही.

आता तुमचे प्रश्न. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नसलेला वास येणं असा एक प्रकार असतो. मान्य. पण नसलेला वास फाट्यावर बरोबर वळून, त्या एका घरी, त्या एका जागेवर कसा नेतो? आईनं आधी कुणाकडून ऐकलं असेल म्हणाल, तर त्या घराचा आणि आमचा कसलाही संबंध नाही, मी खोदून खोदून विचारलंय. मला ह्याचा अर्थ लागलेला नाही. कुणाला लागला तर जरूर लिहा, मी "झोप कमी पडली" म्हणणार नाही.

आईचं नाक आजही बंदच आहे. एकदाही काही आलेलं नाही. पण जेवते. आणि देवगावची गाडी परत दारात यायला लागली. परवाच्या लग्नात मी मुद्दाम तिच्याबरोबर गेलो. ती तव्यापाशी बसलेली, गावच्या बायका भोवती. मी हळूच विचारलं, "आई, खरं सांग. तुला तर काहीच कळत नाही, भीती नाय वाटत?"

"मला वास येत नाय तर काय झालं?" ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "खाणाऱ्याला येतो ना? सर बाजूला, जाळ दिसू दे मला."

मी बाजूला सरलो.